एकाच मातीची चार नावं : चंद्रपूर-गडचिरोलीच्या चिकणमातीची गोष्ट

ज्यांना बसमध्ये नेटवर्क मिळत नाही किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त आवडतं, त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना मध्येमध्ये येणारं ‘म्हणजे बघा ना’ थोडं कमी केलंय. बाकी सगळं तसंच आहे.

एक साधा प्रश्न. चंद्रपूर म्हटलं की काय आठवतं? कोळसा, ताडोबा आणि मे महिन्यातलं तापमान. आणि गडचिरोली म्हटलं की? जंगल, बांबू, बातम्यांमधला नक्षलवाद आणि अलीकडं सूरजागडचं लोखंड. यात माती कुणालाच आठवत नाही. माती काय, सगळीकडंच असते.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो. तिथं एक गोष्ट रोज दिसते. एकच वस्तू दोन टेबलांमध्ये दोन वेगळ्या नावांनी नोंदलेली असली, की तिच्यावरचे हक्क, तिची किंमत, तिचे नियम, सगळं वेगळं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीचं अगदी हेच झालंय. गेल्या दीडशे वर्षांत ती चार वेगवेगळ्या याद्यांमध्ये नोंदली गेली. शेतकऱ्याच्या, भूगर्भशास्त्रज्ञाच्या, कारखान्याच्या आणि कायद्याच्या. आजचा भाग या चार याद्यांबद्दल.

पहिली यादी : कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बर्डी

झाडीपट्टीतल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, ‘तुमची जमीन कशी आहे?’ तो ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ म्हणणार नाही, नाव सांगेल. कन्हार म्हणजे काळी, जड, पाणी धरून ठेवणारी. पावसात तिच्यात पाय फसला की चप्पल आत राहते. मोरंड तिच्यापेक्षा थोडी हलकी. खर्डी उथळ आणि खडेमिश्रित. सिहार पिवळसर, रेतीमिश्रित, धानाला चालणारी. आणि बर्डी म्हणजे लाल, मुरमाड, जिच्यावर कुणी फारसा जीव टाकत नाही.

ही नावं शास्त्रज्ञांनी दिलेली नाहीत. पण इंग्रजांनी ती उचलली. नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर चांदा जिल्हा कंपनीच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि लगेच जमीन मोजणी व महसूल ठरवण्याचं काम सुरू झालं. चांद्याच्या महसूल बंदोबस्ताचा मेजर ल्यूसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा. मध्य प्रांताच्या महसुली कागदांत पुढं कन्हार, मोरंड, खर्डी हीच नावं पक्की झाली. का? कारण मातीच्या जातीवर सारा ठरत होता. कन्हार असेल तर जास्त, बर्डी असेल तर कमी.

शेतकऱ्यासाठी जे ज्ञान होतं, ते सरकारसाठी दरपत्रक झालं. नाव तेच राहिलं, फक्त वापरणारा बदलला.

या यादीत कुंभार कुठं होता? तो या यादीच्या कडेला होता. त्याला सगळी कन्हार नको असते. नुसती काळी माती वाळताना तडकते. म्हणून तो तलावातला गाळ शोधतो, त्यात रेती, राख किंवा लीद मिसळतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा मालगुजारी तलावांचा पट्टा. कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव धानाला पाणी द्यायचे, आणि उन्हाळ्यात कोरडे पडले की कुंभाराला माती द्यायचे. त्या मातीचे माठ, रांजण, गाडगी आणि घरावरची कवेलू व्हायची. गावातल्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या जायच्या. या व्यवहारात पैसा फार कमी होता, पण माती कुणाची हा प्रश्नही नव्हता.

दुसरी यादी : खडकांचं वय

आता दुसरी यादी. ही एका मिशनऱ्यापासून सुरू होते. नागपूरच्या मुलामुलींना हिस्लॉप कॉलेज माहीत असतं. ज्यांच्या नावानं ते आहे, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून धर्मप्रसाराला आले होते, पण त्यांचा अर्धा जीव दगडांत होता. वर्धा खोऱ्यातल्या मांगली इथून त्यांच्या प्रयत्नांतून मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला पोचली, आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन केलं. नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. हे तेच ओवेन, ज्यांनी ‘डायनासोर’ हा शब्द तयार केला. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नाला ओलांडत असताना बुडाले.

त्यानंतर सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ आले. टी. डब्ल्यू. एच. ह्यूजेस यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळसा क्षेत्रावरचा ग्रंथ १८७७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं छापला. त्याच दशकात मेडलिकॉट आणि फाइस्टमांटेल यांनी या खडकांच्या समूहाला ‘गोंडवाना’ हे नाव रूढ केलं. पुढं ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी त्यावरून एका अख्ख्या प्राचीन महाखंडाला ‘गोंडवानालँड’ म्हटलं. म्हणजे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत एकत्र असतानाच्या भूमीला आपल्या गोंडांच्या प्रदेशाचं नाव आहे. चांद्याच्या गोंड राजांचं राज्य गेलं, पण नाव जगाच्या नकाशात राहिलं.

मातीच्या दृष्टीनं या यादीचं महत्त्व काय? या यादीनं सांगितलं की दोन जिल्ह्यांतली सगळी चिकणमाती एका वयाची आणि एका जन्माची नाही. ढोबळमानानं चार प्रकार धरा.

पूर्वेकडं, गडचिरोलीच्या जंगलाखाली, अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस खडक आहेत, अब्जावधी वर्षं जुने. त्यातलं फेल्डस्पार नावाचं खनिज पावसात झिजतं आणि त्याची पांढरी माती होऊ शकते.

मध्यभागी वर्धा खोऱ्याचा कोळसा, साधारण २८-२९ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींचा. त्याच्या सोबतीनं राखाडी, टणक चिकणमातीचे थर आहेत.

दक्षिणेला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंच्याकडं, त्यानंतरच्या काळातले लाल चिकणमातीचे आणि वाळूचे थर. याच खोऱ्यातल्या कोटा थरांमध्ये बारापासॉरस टागोराय हा भारतातला अतिप्राचीन, अवाढव्य डायनासोर सापडला. सिरोंचा तालुक्यातलं वडधम आज जीवाश्मांसाठी ओळखलं जातं.

आणि पश्चिमेला, वरोरा-राजुराकडं, दख्खनच्या लाव्ह्याची झीज होऊन झालेली काळी माती. हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या चौघांत सर्वांत तरुण.

थोडं रसायनशास्त्र, पण पळून जाऊ नका

हे समजलं तर पुढचं सगळं सोपं होईल. चिकणमाती म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी यांचे अतिशय पातळ पापुद्रे. पत्त्यांचा कॅट समजा. पत्ते एकमेकांवर कसे रचलेत, यावर सगळं ठरतं.

काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजात पत्त्यांच्या मध्ये पाणी शिरतं. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी जातं, माती आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसासाठी उत्तम, पण त्यावर घर बांधाल तर भिंतींनाही तशाच भेगा. केओलिनाइटमध्ये पत्ते घट्ट बसलेले असतात. ते फुगत नाही, भाजलं तर आकार फारसा सोडत नाही, आणि शुद्ध असेल तर पांढरं राहतं. हीच चिनी माती.

गंमत म्हणजे ही नावंही गावांचीच आहेत. मॉन्टमोरिलॉन हे फ्रान्समधलं गाव, आणि केओलिन हा शब्द चीनमधल्या गाओलिंग या ठिकाणावरून आला. आपल्या बर्डीला असं जागतिक नाव मिळालं नाही एवढंच.

तिसरी गोष्ट म्हणजे मातीतली भेसळ. लोह, चुना, सोडा, पोटॅश हे घटक माती लवकर वितळवतात. ते जितके कमी, तितकी माती जास्त उष्णता सोसते. कोळशाच्या थरांजवळची माती इथं वेगळी ठरते. दलदलीतल्या आम्लयुक्त पाण्यानं हे घटक बऱ्याच अंशी धुऊन नेले, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. उरली ती उष्णता सोसणारी माती. कारखान्यांत तिला फायरक्ले म्हणतात, मराठीत अग्निरोधक माती. गावच्या कुंभाराचा आवा साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. चांगली फायरक्ले १५०० अंशांपलीकडंही उभी राहते.

तिसरी यादी : कारखान्याची

वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. रेल्वे इथवर आली ती कोळशासाठीच. पुढं खाणकाम बल्लारपूर आणि चंद्रपूरच्या आसपास सरकलं. १९७३ मध्ये कोळशाचं राष्ट्रीयीकरण पूर्ण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आली, आणि हळूहळू भूमिगत खाणींच्या जागी उघड्या खाणी वाढल्या.

उघडी खाण म्हणजे काय, तर कोळशावर जे काही आहे ते सगळं उचलून बाजूला टाकणं. वरची काळी माती, त्याखालची पिवळी माती, शेल, वालुकाश्म, आणि मधले चिकणमातीचे थर. या सगळ्याला एकच शब्द आहे, ओव्हरबर्डन. मराठीत म्हणायचं तर वरचं ओझं. घुग्घुस, माजरी, पद्मापूर, सास्ती, कुठल्याही बाजूनं जा, हे ओझ्याचे डोंगर दिसतात. शेतकऱ्याच्या यादीत जिला पाच नावं होती आणि भूगर्भशास्त्रज्ञाच्या यादीत जिला कोट्यवधी वर्षांचं वय होतं, ती माती इथं एकाच ढिगात गेली. एकदा मिसळली की वेगळी काढणं जवळपास अशक्य. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअप न घेता टेबल डिलीट केलं.

आणि विरोधाभास असा की त्याच जिल्ह्यात मातीची गरज प्रचंड आहे. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथले सिमेंट कारखाने बघा. चुनखडी एकटी सिमेंट होत नाही, तिला सिलिका आणि ॲल्युमिना लागतं, आणि ते माती किंवा शेलमधून येतं. शिवाय सिमेंटची फिरती भट्टी आत सुमारे १४५० अंशांवर चालते. ती वितळू नये म्हणून आत उष्णतारोधक विटांचं अस्तर असतं. कागदाच्या कारखान्यांतही कागद गुळगुळीत आणि अपारदर्शक व्हावा म्हणून चिनी मातीसारख्या पांढऱ्या खनिजांची भरणी करतात. ज्या पानावर आपण लिहितो, त्यात बांबूसोबत थोडी मातीही असते.

मध्येच एक वेगळा प्रयोग : भद्रावती

या तिसऱ्या यादीत एक नोंद अशी आहे, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

१९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. विचार साधा होता. गावातल्या कारागिराला विज्ञान द्या, पण त्याचं गाव आणि हात काढून घेऊ नका. याच विचारातून कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये भद्रावतीला ग्रामोदय संघ उभा केला, कुंभारकामासाठी.

भद्रावतीच का? नकाशा बघा. कोळसा जवळ, म्हणजे इंधन जवळ. कोळशाच्या पट्ट्यातली अग्निरोधक माती जवळ. रेल्वे दारात. आणि आजूबाजूच्या गावांत पिढीजात कुंभार.

ग्रामोदय संघात कुंभारांना प्रशिक्षण मिळू लागलं. मातीची पारख, सुधारित चाक, सुधारित भट्टी, झिलई. झिलई म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लाल मातीचं साधं भांडं पाणी झिरपू देतं. माठात तोच गुण आहे, म्हणून पाणी थंड राहतं. लोणच्याच्या बरणीत तोच दोष. जास्त तापमानाला भाजलं आणि झिलई दिली की त्याच कुंभाराच्या हातून बरणी, कप, फरशी, शोभेच्या वस्तू निघू शकतात. स्टीलची भांडी आणि पुढं प्लास्टिक आल्यावर माठ-गाडग्यांचा बाजार खाली आला, तेव्हा कुंभारापुढं दोनच रस्ते होते, चाक सोडणं किंवा मातीचा दर्जा वाढवणं. भद्रावतीनं दुसरा रस्ता दाखवला.

सगळ्या कुंभारांना तो जमला असं नाही. जास्त तापमानाची भट्टी म्हणजे भांडवल, इंधन आणि ठरावीक दर्जाची माती. एकट्या घराला हे झेपत नाही, म्हणूनच त्याला संस्था लागते. पण मातीची किंमत वाढवताना माणूस तिच्यापासून तोडावाच लागतो असं नाही, हे या प्रयोगानं दाखवलं. ओझ्याच्या डोंगरांपासून काही किलोमीटरवर हे घडलं, म्हणून मला ते जास्त जाणवतं.

राखेत लपलेली माती

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला वाचताना भारी वाटली. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र सध्या २९२० मेगावॅटचं आहे. तिथं जळणाऱ्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं. ही राख म्हणजे नक्की काय? बहुतांशी कोळशात अडकलेली चिकणमातीच. दलदलीत झाडांसोबत जी माती वाहून आली, ती कोळशात राहिली, भट्टीत भाजली आणि राख म्हणून बाहेर पडली.

१४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटा करायच्या असतील तर त्यात किमान २५ टक्के राख मिसळा. पुढं ही त्रिज्या वाढत गेली. हेतू दुहेरी होता. शेताची वरची सुपीक माती वीटभट्टीत जाऊ नये आणि राखेचा उपयोग व्हावा. म्हणजे पृष्ठभागावरची तरुण माती वाचवण्यासाठी कोट्यवधी वर्षं जुनी, एकदा भाजलेली माती पुन्हा विटेत आणली. घराला राखेच्या विटा लावल्या असतील तर तुमच्या भिंतीत गोंडवानाची दलदल आहे.

चौथी यादी : कायद्याची

सगळ्यांत कोरडी यादी ही, आणि सगळ्यांत ताकदवानही हीच.

भारतात खनिजं दोन प्रकारची मानतात, प्रमुख आणि गौण. गौण खनिजांचे नियम राज्य करतं. साधी वीटमाती आधीपासून गौण. पण चिनी माती आणि फायरक्ले बराच काळ प्रमुख खनिजांत होत्या. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्रानं ३१ खनिजं गौण म्हणून जाहीर केली. त्यात चिनी माती, केओलिन, बॉल क्ले, फायरक्ले, गेरू, शेल सगळं आलं.

एका दिवसात मातीत काहीच बदललं नाही. पण गडचिरोलीत बदललं. कसं, ते बघा. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रांना लागू आहे. त्यात म्हटलंय की गौण खनिजाचा शोध परवाना किंवा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे. आता दोन्ही जोडा. जी पांढरी माती किंवा फायरक्ले काल प्रमुख खनिज होती, ती आज गौण झाली, आणि अनुसूचित गावात तिच्यासाठी गावाचं मत विचारणं भाग पडलं. लोहखनिज प्रमुखच राहिलं. म्हणजे एकाच जंगलात, एकाच डोंगराच्या अंगाला, लोखंडासाठी एक दरवाजा आणि मातीसाठी दुसरा.

ही ताकद कागदावर आहे, ती वापरली तरच खरी. पण गडचिरोलीत ती वापरून दाखवणारी गावं आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या सर्वांत पहिल्या गावांपैकी एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकारही गावानं मिळवला. बांबूचं जे झालं, ते मातीचंही होऊ शकतं. त्यासाठी आपल्या गावाखाली काय आहे हे गावाला आधी माहीत असायला हवं. आणि ते कळायला पहिल्या दोन याद्या लागतात, शेतकऱ्याची आणि भूगर्भशास्त्रज्ञाची.

हे सगळं आत्ता का महत्त्वाचं?

कारण मातीचा भाव पुन्हा बदलतोय. सिमेंट उद्योग मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यावर एक उपाय म्हणजे क्लिंकरचा निम्मा भाग कमी करायचा आणि त्याजागी भाजलेली चिकणमाती व कच्ची चुनखडी घालायची. या सिमेंटला एलसी-थ्री म्हणतात. माती साधारण ७०० ते ८५० अंशांवर भाजली की पुरते, क्लिंकरसारखे १४५० अंश लागत नाहीत. कार्बन साधारण ३० ते ४० टक्क्यांनी घटू शकतो. भारतीय मानक ब्युरोनं २०२३ मध्ये याचं मानकही काढलं.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी की या सिमेंटला शुभ्र चिनी माती लागत नाही. केओलिनाइट ४० टक्क्यांच्या आसपास असलं तरी चालतं. रंग पिवळा, राखाडी असला तरी चालतो. म्हणजे कपबशीला नको असलेली, आजवर कुणी ढुंकून न पाहिलेली माती अचानक कामाची ठरते. चुनखडी, सिमेंट कारखाने आणि अशी माती एकाच जिल्ह्यात असणं ही मोठी संधी आहे. पण ओझ्याच्या ढिगात टाकलेल्या थरांची तपासणी आधी व्हायला हवी. थर वेगळे काढले, नोंदले, मग टाकले, तर उद्या ते वापरता येतात. मिसळून टाकले तर नाही.

आणि जुनाच प्रश्न नव्यानं येतो. कन्हार म्हणून ज्याची होती, फायरक्ले म्हणून ज्यानं भाजली, ओव्हरबर्डन म्हणून ज्यानं फेकली, गौण खनिज म्हणून ज्याच्या शिफारशीची अट आली, यातल्या कुणाला नव्या भावातला वाटा मिळणार? कंपनी मोजमाप करून येईल, तिच्याकडं प्रयोगशाळा आहे. गावाकडं कन्हार-खर्डीची नावं आहेत आणि पेसाचं कलम आहे. दोघांच्या हातात एकाच जागेचा नकाशा असेल, तर बोलणं बरोबरीनं होईल.

तर पुढच्या वेळी गावी गेलात, की आजी-आजोबांना एवढंच विचारा, आपल्या शेतातल्या मातीला काय म्हणतात? तलावाच्या काठाच्या मातीला काय म्हणतात? पूर्वी घर पोतारायला माती कुठून आणायचे? फोनवर रेकॉर्ड करा, ठिकाणाची नोंद करा. ही पहिली यादी कुठल्याही सर्व्हरवर नाही, ती फक्त माणसांच्या डोक्यात आहे. तुमच्या भागातली नावं मला पाठवा, पुढच्या एका भागात आपण ती सगळी एकत्र ऐकू.

तोपर्यंत काळजी घ्या, आणि उन्हात बाहेर पडाल तर माठातलं पाणी प्या. भेटू पुढच्या भागात.